पहिल्याच खेळात सपोर्ट घ्यायचाय? क्लास निवडण्यापासून पहिल्या लढाईपर्यंत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा कथाखेळ. त्यातल्या माझ्या पहिल्या कॅम्पेनला (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेला) मी टेबलाशी सगळ्यात उशिरा पोचले. तोवर फायटर, रोग, विझार्ड आणि रेंजर हे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, वाटून झाले होते. ‘हीलर कुणीच नाहीये, तू क्लेरिक घे, सोपा असतो,’ असं म्हणत कुणीतरी एक कोरी कॅरेक्टर शीट माझ्यापुढे सरकवली. पुढचे चार आठवडे प्रत्येक लढाईत माझं एकच काम. जखमी झालेल्यापर्यंत धावत जायचं, हात लावायचा, फासा टाकायचा. दोन टर्नमध्ये दोन स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) संपायचे आणि उरलेली लढाई मी हातोडा घेऊन उभी असायचे, बहुतेक वेळा नेम चुकवत. पाचव्या आठवड्यात डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तू ब्लेस कधीच का वापरत नाहीस?’ मला तो स्पेल आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. शीटवर लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सगळी उदाहरणं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण बहुतेक नवखे तिथूनच सुरुवात करतात. पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या दुसऱ्या खेळाबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

हाताशी काय हवं

- कॅरेक्टर शीट आणि पेन्सिल. पेन नको, पहिल्या महिन्यात खाडाखोड फार होते.
- फाशांचा एक संच: डी४, डी६, डी८, डी१०, डी१२ आणि डी२० (डी४ म्हणजे चार बाजूंचा फासा, डी२० म्हणजे वीस बाजूंचा). सपोर्ट खेळणाऱ्याने त्यावर तीन जास्तीचे डी४ ठेवावेत. कारण पुढे कळेल.
- नियम. विकत घेण्याची घाई नको. नियमांचा मूळ भाग सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट म्हणून अधिकृतपणे फुकट मिळतो. त्यात प्रत्येक क्लासचा एक सबक्लास (उपशाखा) असतो. क्लेरिकच्या सबक्लासला डोमेन म्हणतात, आणि त्यात नेमका लाइफ डोमेन आहे. आपलं काम त्यात भागतं.
- स्पेल लिहायला कोरी कार्डं. एका कार्डावर एक स्पेल: अंतर किती, ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) की बोनस ॲक्शन (जास्तीची छोटी कृती), कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला द्यावं लागणारं लक्ष) लागतं का, कोणता फासा. छापील कार्डं मिळतात, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं.

१. आधी डीएमला तीन गोष्टी विचारा

पहिली: नियम २०१४ चे की २०२४ चे? दोन्हींना लोक ‘फाइव्ह ई’च म्हणतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये क्युअर वुंड्स हा जखमा भरणारा स्पेल १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) एचपी, म्हणजे पात्राचा जीव, भरून काढतो, २०२४ च्या पुस्तकात २डी८. हीलिंग वर्ड तिकडे १डी४, इकडे २डी४. जुन्या नियमांत क्लेरिक पहिल्याच लेव्हलला डोमेन निवडतो, नव्या नियमांत सगळेच क्लास सबक्लास तिसऱ्या लेव्हलला निवडतात. तुम्ही एका पुस्तकातून शीट भरली आणि बाकीचे दुसऱ्यातून खेळत असले, तर पहिल्या अर्ध्या तासातच वाद होणार.

दुसरी: कितव्या लेव्हलपासून सुरुवात? नवखे असाल तर पहिली लेव्हल मागा. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे नऊ स्लॉट आणि तीन पातळ्यांचे स्पेल असतात. ते एका रात्रीत पचत नाही.

तिसरी, आणि ही लाजून विचारायची राहते: दोन-तीन सेशननंतर जमलं नाही तर क्लास बदलू देणार का? बहुतेक डीएम आनंदाने हो म्हणतात, पण ते आधी ठरलेलं बरं.

२. सपोर्ट म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत पाहा

‘सपोर्ट म्हणजे जखमा भरणारा’ हा समज मनात ठेवून क्लास निवडला तर निवड चुकते. म्हणून इथे जरा थांबते.

२०१४ च्या नियमांतला साधा गॉब्लिन घ्या. त्याचा एक वार लागला की १डी६ + २, म्हणजे सरासरी साडेपाच एचपी जातात. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकचा हीलिंग वर्ड १डी४ + ३ भरतो. सरासरी? साडेपाचच. म्हणजे तुमच्या दोन स्लॉटपैकी एक खर्चून तुम्ही एका गॉब्लिनचा एक वार पुसला. समोर गॉब्लिन चार आहेत आणि त्यांना वार करायला स्लॉट लागत नाहीत.

आता ब्लेस पाहा. तोही एकाच स्लॉटचा. तीन साथीदारांना एक मिनिटभर प्रत्येक ॲटॅक रोलवर (वार लागतो का याचा फासा) आणि सेव्हिंग थ्रोवर (संकटातून वाचतो का याचा फासा) १डी४ जास्तीचा. लढाईतलं एक मिनिट म्हणजे दहा राउंड (एका राउंडमध्ये सगळ्यांचा एकेक टर्न), एवढी लांब लढाई क्वचितच होते. गॉब्लिनचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा) १५ आहे आणि तुमच्या फायटरचा ॲटॅक बोनस +५. त्याला डी२० वर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे वार लागण्याची शक्यता ५५ टक्के. ब्लेस असेल तर ती ६७.५ टक्के होते. हे एका माणसाचं झालं. तिघांचं, प्रत्येक राउंडला, आणि वर विषारी कोळ्याने चावलं की त्या सेव्हिंग थ्रोलाही. जो गॉब्लिन एक राउंड आधी मेला, त्याचे पुढचे सगळे वार भरायची गरजच उरली नाही.

सपोर्टची कामं म्हणून तीन. साथीदारांचे फासे सुधारणं, शत्रूचे फासे बिघडवणं, आणि कुणी पडलं तर उठवणं. तिसरं महत्त्वाचं आहे, पण कमी वेळा लागतं. कोणता क्लास घ्यायचा हे ठरवताना स्वतःला विचारा: ‘कुणालाच जखम झालेली नाही, तेव्हा माझ्या टर्नला मला काय करायला आवडेल?’ बहुतेक टर्न तसेच असतात.

३. चार पर्याय

क्लेरिक, बार्ड, पॅलाडिन आणि ड्रुइड. आणखीही क्लास जखमा भरू शकतात, पण पहिल्या खेळाला ते नकोत.

*क्लेरिक.* माझी शिफारस हीच, आणि तिचं कारण जड चिलखत हे नाही. क्लेरिक प्रत्येक लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) आपल्या क्लासच्या पूर्ण यादीतून स्पेल नव्याने निवडू शकतो. आज चुकीचा निवडला, उद्या बदलला. नवख्याला चुका सुधारायला मुभा हवी असते आणि ती या क्लासच्या रचनेतच आहे. शिवाय चिलखत आणि ढाल मिळते, त्यामुळे कुठे उभं राहायचं हे अजून कळत नसलं तरी तुम्ही लगेच मरत नाही. अडचण एवढीच की यादी लांब आहे. पहिल्या दिवशी ती सगळी वाचायला बसू नका.

देव कोणता, या प्रश्नावर लोक तासन्‌तास अडकतात. डीएमच्या जगात कोणते देव आहेत ते विचारा, एक निवडा, त्याची एक सवय किंवा एक व्रत ठरवा आणि पुढे चला. सतत प्रवचन देणारं पात्र करायलाच हवं असं नाही. माझी दुसरी क्लेरिक आपल्या देवीवर कायम रागावलेली असे. तिची प्रार्थना म्हणजे तक्रारअर्जच असायचा, आणि टेबलावर सगळ्यांना ती फार आवडली.

*बार्ड.* तुम्ही बोलके असाल, साथीदारांच्या टर्नलाही तुमचं लक्ष खेळात राहत असेल, तर बार्ड घ्या. त्याची मुख्य चीज म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन: बोनस ॲक्शनने ६० फुटांतल्या एका साथीदाराला एक डी६ द्यायचा, तो त्याने योग्य वेळी आपल्या डी२० मध्ये मिळवायचा. किती वेळा, तर तुमच्या करिझ्मा मॉडिफायरइतक्या वेळा (मॉडिफायर म्हणजे गुणाच्या आकड्यावरून मिळणारी अधिक-उणे बेरीज). सुरुवातीला साधारण तीनदा, आणि चौथ्या लेव्हलपर्यंत ते लाँग रेस्टनंतरच परत मिळतात. म्हणून दरवाजा उघडण्यावर तिन्ही उधळू नका. दिलेला फासा वापरायची वेळही दोन्ही पुस्तकांत वेगळी आहे: २०१४ मध्ये डी२० पाहून, पण निकाल कळण्याआधी, २०२४ मध्ये अपयश आल्यावर.

बार्डचा सापळा स्पेलमध्ये आहे. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलला चार स्पेल शिकता येतात आणि बदल फक्त लेव्हल वाढल्यावर, तोही एकच. हीलिंग वर्ड आणि फेअरी फायर घ्याच. फेअरी फायर २० फुटांच्या घनातल्या शत्रूंना उजळवतो, आणि ज्यांचा सेव्हिंग थ्रो चुकतो त्यांच्यावर वार करताना सगळ्यांना ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा. कँट्रिपमध्ये (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलमध्ये) व्हिशस मॉकरी: शत्रूला टोमणा मारायचा, लागला तर थोडी इजा आणि त्याच्या पुढच्या वाराला डिसॲडव्हान्टेज (दोनपैकी लहान आकडा). टोमणा खरंच मोठ्याने मारायचा असतो. मराठीत खेळत असाल तर या कामी आपली भाषा काही कमी नाही.

*पॅलाडिन.* ‘मला मारामारीच करायची आहे, पण गटात सपोर्ट नाही म्हणून…’ असं वाटत असेल तर तुमचं उत्तर इथे आहे. ले ऑन हँड्स लेव्हलच्या पाचपट एचपीचा साठा देतं आणि त्यातून हवे तेवढे काढून देता येतात. पडलेल्याला उठवायला एकच एचपी पुरतो, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पाच एचपींत पाच वेळा माणूस उठवता येतो. सहाव्या लेव्हलला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो: तुम्ही आणि दहा फुटांतले साथीदार, सगळ्यांच्या सेव्हिंग थ्रोला तुमचा करिझ्मा मॉडिफायर. त्यासाठी काहीच करायचं नसतं, फक्त शुद्धीवर राहायचं. मात्र २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलला पॅलाडिनकडे स्पेल नसतात, आणि दुसऱ्या लेव्हलला मिळालेले स्लॉट स्माइटमध्ये (वाराची इजा वाढवण्यात) उडवायचा मोह फार होतो. तुम्ही एकटेच सपोर्ट असाल तर शेवटचा स्लॉट हातचा राखा.

*ड्रुइड.* मला स्वतःला फार आवडतो. तरी पहिल्या खेळाला नको. स्पेलची यादी, त्यावर दुसऱ्या लेव्हलपासून वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप घेणं), म्हणजे प्राण्यांचे वेगळे आकडे वेगळ्या कागदांवर. दोन शीट सांभाळताना टर्न लांबतो आणि सगळे तुमच्याकडे बघत बसतात. हट्टच असेल तर गुडबेरी लक्षात ठेवा: एका स्लॉटमध्ये दहा बेरी, प्रत्येकीने एक एचपी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात एक बेरी घातली की तो उठतो.

४. शीट भरू: एक तयार क्लेरिक

२०१४ च्या नियमांनी एक क्लेरिक बनवून देते. जसाच्या तसा उचललात तरी चालेल. वंश हिल ड्वार्फ, डोमेन लाइफ.

ठरलेले सहा आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असतात. ते असे वाटा: विझडम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ १३, करिझ्मा १२, डेक्स्टेरिटी १०, इंटेलिजन्स ८. हिल ड्वार्फ कॉन्स्टिट्यूशनला २ आणि विझडमला १ देतो, म्हणून दोन्ही १६ होतात, मॉडिफायर +३. स्ट्रेंग्थ १३ का? चेन मेलची अट तेवढी आहे. ड्वार्फचा वेग जड चिलखताने कमी होत नाही हे खरं, पण उद्या मनुष्य घेतलात तर ही अट आठवेल. डेक्स्टेरिटी कमी चालते, कारण चेन मेलचा एसी तिच्यावर अवलंबून नसतो. तो सरळ १६, ढाल धरली की १८. पहिल्या लेव्हलला १८ म्हणजे उत्तम.

एचपी: ८ + ३, आणि हिल ड्वार्फचा जास्तीचा १, एकूण १२. स्पेल सेव्ह डीसी (तुमच्या स्पेलपासून वाचायला शत्रूने गाठायचा आकडा): ८ + २ + ३, म्हणजे १३. हा आकडा शीटच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा, डीएम तो दर पाच मिनिटांनी विचारणार.

चेन मेलमुळे लपतछपत चालण्याला डिसॲडव्हान्टेज मिळतो. गट दबक्या पावलांनी निघाला की तुम्ही मागे थांबायचं, आणि त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही.

देवाचं चिन्ह ढालीवरच आहे असं लिहून ठेवा. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ढाल, मग चिन्ह कोणत्या हातात, या प्रश्नाने सुरू झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

सामानात हीलर्स किट हवाच. त्याचे दहा उपयोग असतात आणि मरायला टेकलेल्याला कोणताही फासा न टाकता स्थिर करता येतं. तो फायटरलाही एक घेऊन द्या. सपोर्टच बेशुद्ध पडला तर कुणीतरी हवं ना.

५. पहिले स्पेल

तीन कँट्रिप: गायडन्स (साथीदाराच्या कौशल्याच्या फाशाला १डी४ जास्तीचा), सेक्रेड फ्लेम (दुरून शत्रूला इजा), लाइट (उजेड). कँट्रिप कितीही वेळा चालतात, स्लॉट जात नाही.

लाइफ डोमेन ब्लेस आणि क्युअर वुंड्स कायमचे तयार देतो. त्याशिवाय विझडम मॉडिफायर अधिक लेव्हल, म्हणजे चार स्पेल तुम्ही निवडायचे. हे घ्या:

- हीलिंग वर्ड. ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनने, नुसत्या आवाजाने. लाइफ डोमेनमुळे यात आणखी ३ मिळतात.
- गाइडिंग बोल्ट. लागला तर ४डी६ इजा, सरासरी १४. साध्या गॉब्लिनचे एचपी ७ असतात. वर त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला ॲडव्हान्टेज.
- सँक्च्युअरी. विझार्ड अडकला की त्याच्यावर टाका. त्याच्यावर वार करू पाहणाऱ्याला आधी विझडम सेव्ह जिंकावा लागतो. विझार्डने स्वतः हल्ला केला की संरक्षण संपतं, हे त्याला आधीच सांगा.
- डिटेक्ट मॅजिक. रिच्युअल म्हणून दहा मिनिटं जास्त घेऊन टाकला तर स्लॉट जात नाही.

शील्ड ऑफ फेथ, म्हणजे एसी वाढवणारा स्पेल, मी मुद्दाम घेतला नाही. स्पेल चांगला आहे, पण त्यालाही ब्लेससारखंच कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं.

६. पहिली लढाई, राउंडवार

पहिला राउंड: ब्लेस, फायटर, रोग आणि रेंजरवर. टाकल्या टाकल्या आपल्याकडचे ते तीन जास्तीचे डी४ उचला आणि तिघांच्या पुढ्यात खरोखर ठेवा. तोंडी सांगितलं तर दुसऱ्या राउंडपर्यंत विसरतात. फासा समोर दिसला की हात आपोआप जातो. बार्ड खेळत असाल तर इन्स्पिरेशनचा डी६ असाच द्या.

मग फायटरच्या मागे उभे राहा, त्याच्या अंगाला चिकटून नको.

दुसरा राउंड: कुणी पडलेलं नाही? सेक्रेड फ्लेम. फायटरचे १२ पैकी ६ एचपी उरलेत? तरीही सेक्रेड फ्लेम. हे पहिल्यांदा जड जातं. पण सहा एचपीचा फायटर बारा एचपीच्या फायटरइतक्याच जोराने तलवार मारतो.

तिसरा राउंड: फायटर पडला. आता बोनस ॲक्शनने हीलिंग वर्ड, आणि त्याच टर्नला ॲक्शनने पुन्हा सेक्रेड फ्लेम. फायटर आपल्या टर्नला उठतो आणि वार करतो. शून्याखाली एचपी मोजत नाहीत, म्हणून पडायला जेमतेम वार बसलेला असो की भलामोठा, उठवायला खर्च सारखाच.

याला एक अपवाद आहे आणि पहिल्या लेव्हलला तोच जीव घेतो. शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा त्या पात्राच्या कमाल एचपीइतकी किंवा जास्त असेल तर ते जागीच मरतं. विझार्डचे कमाल एचपी ७ आहेत, सध्या २ उरलेत, आणि ओगरचा ९ चा दणका बसला: २ जाऊन ७ उरले, खेळ संपला. म्हणून कमी एचपीवाल्या दुबळ्या माणसाला, समोर मोठा शत्रू असेल तेव्हा, पडायच्या आधी भरा.

पडलेला माणूस प्रत्येक टर्नला डी२० टाकतो: १० किंवा जास्त म्हणजे यश, त्याखाली अपयश. तीन यश आली की स्थिर, तीन अपयश आली की मृत्यू. २० पडला तर तो एक एचपी घेऊन शुद्धीवर येतो, १ पडला तर दोन अपयश एकदम. पडलेल्यावर वार लागला तरी एक अपयश चढतं, आणि तो पाच फुटांच्या आतून लागला तर दोन. शेजारी शत्रू उभा असेल तर ‘अजून तीन राउंड आहेत’ असा हिशेब करू नका.

७. हे सापळे मी स्वतः पडून पाहिलेत

कॉन्सन्ट्रेशन विसरणं. ब्लेस चालू असताना तुम्हाला इजा झाली की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायचा, डीसी १० किंवा इजेच्या निम्मं, जे जास्त असेल ते. एक रंगीत कार्ड ‘ब्लेस चालू’ असं लिहून शीटवर आडवं ठेवा. आणि गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं! ब्लेस चालू असताना कुणाला मदत म्हणून गायडन्स दिलात की ब्लेस गेला. मला हे कळायला सहा महिने लागले आणि तोवर डीएमलाही कळलं नव्हतं.

गायडन्स उशिरा ओरडणं. रोगने फासा टाकला, ४ पडले, मग तुम्ही म्हणता, ‘गायडन्स होता हं.’ नाही. २०१४ च्या नियमांत फासा टाकायच्या आधी त्याला स्पर्श झालेला असायला हवा.

एका टर्नला दोन मोठे स्पेल. २०१४ चा नियम असा: बोनस ॲक्शनने स्पेल टाकला तर त्या टर्नला दुसरा फक्त एका ॲक्शनचा कँट्रिप. हीलिंग वर्ड आणि गाइडिंग बोल्ट एकत्र चालत नाहीत. २०२४ मध्ये नियमाचे शब्द बदलले, एका टर्नला एकच स्लॉट, पण या जोडीपुरता निकाल तोच.

स्लॉट जपून जपून सेशन संपवणं. ‘पुढे मोठा शत्रू येईल’ म्हणत मी तीन आठवडे दोन्ही स्लॉट घरी परत नेले. लाँग रेस्ट कधी मिळेल याचा अंदाज डीएमच्या बोलण्यातून येतो. न आल्यास सरळ विचारा.

८. ‘ए हीलर, मला भर’

हा आवाज येणारच. तुम्ही सपोर्ट घेतला म्हणजे तुमचा टर्न सामाईक मालकीचा झाला असं काही लोकांना वाटतं. ते वाईट नसतात, घाबरलेले असतात. पहिल्या सेशनच्या आधीच सांगून टाका: ‘मी पडलेल्याला उठवीन, ओरखड्यांना फुंकर घालणार नाही. ओरखड्यांसाठी शॉर्ट रेस्ट आहे.’ शॉर्ट रेस्टमध्ये प्रत्येकजण आपापले हिट डाइस (क्लास आणि लेव्हलनुसार मिळणारे फासे) वापरून एचपी भरतो. हा नियम अर्ध्या टेबलाला आठवत नसतो, तुम्ही आठवून दिलात तर तुमचे स्लॉट वाचतात.

उलट बाजूने, तुम्हीही विचारा. ‘पुढच्या टर्नला तू कुणावर जाणार आहेस?’ एवढंच. त्यावरून गाइडिंग बोल्ट कुठे टाकायचा ते ठरतं. आणि आपला टर्न यायच्या आधीच्या खेळाडूचं चालू असताना कार्ड हातात काढून ठेवा.

पाथफाइंडरवाल्यांसाठी

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत टर्नला तीन ॲक्शन असतात आणि हील हा एकच स्पेल तीन तऱ्हांनी टाकता येतो: एक ॲक्शन दिली तर स्पर्शाने, दोन दिल्या तर ३० फुटांवरून आणि बराच जास्त, तिन्ही दिल्या तर आसपासच्या सगळ्या जिवंतांना, त्यात शत्रूही आले. क्लेरिकला डिव्हाइन फॉन्टमधून हीलसाठी वेगळे स्लॉट मिळतात, म्हणून तिथे जखमा भरणं इथल्यापेक्षा कितीतरी परवडतं. शिवाय मेडिसिन कौशल्य आणि बॅटल मेडिसिन हा फीट (निवडून घ्यायचं खास कसब) घेऊन कोणताही क्लास मलमपट्टी करू शकतो. त्यामुळे वरचं गॉब्लिनचं गणित तिकडे जसंच्या तसं लावू नका.

९. तिसऱ्या सेशननंतर

स्पेलच्या कार्डांवर दर वापराला मागे एक रेघ ओढत जा. तीन सेशन झाले की कार्डं टेबलावर पसरून पाहा. ज्यावर एकही रेघ नाही ते बाजूला काढा आणि यादीतलं दुसरं एक घ्या. माझ्या पहिल्या गठ्ठ्यात क्युअर वुंड्सवर अकरा रेघा होत्या आणि ब्लेसचं कार्ड कोरं. तुमच्याकडे उलटं चित्र असेल तर दुसऱ्या पातळीचे स्पेल वाचायला घ्या. एड आणि स्पिरिच्युअल वेपन ही दोन कार्डं आधी लिहून ठेवा, तिसऱ्या लेव्हलला लागतील.